आत्यांचा हात

तुम्ही त्यांना पाहिलं असणार. शनिवारी-रविवारी गाडी काढून तुम्ही गडाकडे निघाला असाल, मार्गासनी मागे पडली असेल आणि विंझर अजून यायचं असेल, तर मधल्या एका वळणावर, कडुनिंबाखाली, नऊवारी नेसलेल्या एक बाई उजवा हात सरळ वर करून उभ्या असायच्या. पंजा तुमच्याकडे, बोटं जुळलेली. ओठ हलत असायचे, पण तुमच्या गाडीच्या काचा वर असल्यामुळे शब्द काही ऐकू आले नसतील. त्या म्हणायच्या, "दमानं, बाबा, दमानं." तुमच्यापैकी काहीजणांनी त्यांना उलट टाटा केला आहे. मी खिडकीतून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. त्या गावची लेक. लग्न होऊन भोरकडे गेल्या होत्या, पण नवरा लवकर गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या. भावाच्या पोरांची आत्या ती हळूहळू अख्ख्या गावाची आत्या झाली. शाळेत खिचडी शिजवायचं काम त्यांच्याकडे होतं. शाळेच्या शेजारी माझं दुकान आहे. सातबारा, दाखले काढून देतो, लोकांचे अर्ज टाइप करून देतो. एक संगणक, एक प्रिंटर, आणि वीज असली तर दोन्ही चालू. खिडकी बरोबर कडुनिंबासमोर येते, त्यामुळे आत्यांची सगळी कारकीर्द माझ्या डोळ्यांसमोर झाली.

आमचं गाव रस्त्यानं कापलेलं आहे. डोंगराच्या अंगाला शाळा, देऊळ आणि वरची आळी. खाली नदीच्या अंगाला खालची वस्ती, पाण्याची टाकी आणि स्मशान. म्हणजे पहिलीत नाव घातल्यापासून ते शेवटपर्यंत प्रत्येकाला हा रस्ता ओलांडावाच लागतो.

आणि हा रस्ता आम्हीच मागितला होता, हे आधी सांगून टाकतो. तेव्हा इतके खड्डे होते की आत्यांच्या भाच्याची बायको दवाखान्यात पोचायच्या आधी जीपमध्येच बाळंत झाली. मग गावानं रस्ता अडवला. सगळ्यांच्या पुढे आत्या बसल्या होत्या, मांडी घालून, रस्त्याच्या मधोमध. पुढे रस्ता झाला, रुंद झाला, गुळगुळीत झाला. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. पहिल्या महिन्यात दोन कुत्री आणि एक शेळी गेली, तेव्हा आम्ही कुत्र्यांना आणि शेळीलाच नावं ठेवली.

मग दूध घालणारे नाना गेले. सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या लावून खालच्या वस्तीतून वर येत होते. वळणावरून गाडी आली, आणि ती कुणाची, कुठली, हे कुणालाच कळलं नाही, कारण ती थांबलीच नाही. आत्या शाळेत तांदूळ धूत होत्या. आवाज ऐकून तशाच ओल्या हातांनी धावल्या. दवाखान्यात न्यायला टेम्पो येईपर्यंत नानांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दूध डांबरावरून गटारापर्यंत वाहत गेलं होतं. टेम्पो आला तेव्हा उपयोग राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला आत्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. हातात खिचडीचा मोठा डाव तसाच होता. तो डाव वर करून त्यांनी पहिला डंपर थांबवला. ड्रायव्हर शिव्या द्यायला खिडकीतून बाहेर वाकला आणि डाव बघून गप्प झाला. "मानूस हाय हितं," आत्या त्याला म्हणाल्या. "दमानं जा, बाबा."

तेव्हापासून शाळा भरताना, सुटताना, आणि सुट्टीच्या दिवशी तर जवळपास दिवसभर, आत्या तिथंच. डाव पुढे स्वयंपाकघरात राहिला आणि नुसता हात उरला.

पण हात म्हणजे काही कायमची सोय नव्हे, हे त्यांना माझ्याआधी कळलं. एके दिवशी दुकानात येऊन बाकावर बसल्या.

"म्या काय जल्मभर पुरनार हाय का? अर्ज लिव. बोर्ड लावा म्हनावं, हितनं हळू जायाचं असा. आन् त्यो उंचवटा करत्यात न्हवं, त्यो करा."

मी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. ‘विषय: वेगमर्यादेचा फलक लावणे व गतिरोधक बसवणेबाबत.’

"त्यात हितं मानसं ऱ्हात्यात हे लिवलंस का?"

"आत्या, ते त्यांना म्हाईत असतंय."

"म्हाईत असतं तर अर्ज कशाला लागला असता? लिव. मानूस हाय हितं."

मी लिहिलं, ‘सदर ठिकाणी लोकवस्ती आहे.’ तेही वाचून दाखवलं. आत्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्ये असं कोन बोलतं रं?"

असे किती अर्ज झाले ते मी मोजलं नाही. एका कचेरीनं सांगितलं की रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसरीनं सांगितलं की येतो, पण आधी ग्रामसभेचा ठराव आणा. ठराव नेला, तर तिसऱ्या कचेरीचं पत्र हवं होतं. आत्या खिचडी उरकून दुपारच्या एसटीनं जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. एसटीच्या पायरीवरूनच मला ओरडून सांगायच्या, "पोच मिळाली!" त्यांना वाचता येत नव्हतं. पण कुठल्या कचेरीचा शिक्का गोल आहे, कुठल्या कचेरीचा लांबट, कुणाची शाई निळी आणि कुणाची जांभळी, हे त्यांना पाठ होतं. सगळ्या पोच त्या शाळेत आलेल्या मटकीच्या रिकाम्या पिशवीत ठेवायच्या. "शिक्का हाय म्हंजे कुनीतरी वाचलंय," असं त्यांचं म्हणणं. मी कधी त्यांना खोडून काढलं नाही. माझी तेवढी छाती झाली नाही.

मध्ये एकदा त्यांनी स्वतःच उपाय काढला. भात कापून झाल्यावर वळणाच्या दोन्ही बाजूंना डांबरावर पेंढा पसरला. गाड्या लगेच हळू झाल्या, आणि आत्या दोन दिवस अशा ऐटीत होत्या की विचारू नका. तिसऱ्या दिवशी पेंढ्यावरून मोटरसायकल घसरली. पोरगा कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. आत्यांनी त्याला घरी नेलं, हळद लावली, चहा पाजला, त्याच्या आईला फोन लावायला लावला आणि फोनवर त्या माउलीची माफी मागितली. मग एकटीनं सगळा पेंढा गोळा करून भाऱ्यात बांधला. त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं त्यांच्या भावजयीनं मला सांगितलं.

आणि एक दिवस खरंच पत्र आलं. अमुक वारी साहेब येऊन पाहणी करतील, गाड्यांचा वेग यंत्रानं मोजतील आणि त्यावर निर्णय होईल.

गावात पाहुणा येणार म्हटलं की आमच्या लोकांच्या अंगात येतं. सरपंचांनी शाल-नारळ सांगितला. लेझीम ठरली. अख्खं गाव रस्त्यावर जाऊन स्वागताला उभं राहणार होतं. मी ग्रामसभेत उठून हात जोडले. म्हटलं, कुणीही रस्त्यावर फिरकू नका. एवढी माणसं दिसली तर गाड्या हळू होतील, यंत्रात वेग कमी दिसेल आणि आपणच खोटे पडू. लोकांना माझं म्हणणं पटलं. लेझीम रद्द झाली. मला स्वतःच्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं.

आत्यांना मी घरी जाऊन वेगळं सांगितलं. "उद्या निंबाखाली हुबं ऱ्हायचं न्हाई. हात तर अजिबात करायचा न्हाई."

"आन् पोरं?"

"साहेब अकराला येनार. पोरं तवा वर्गात असत्यात."

"मंग हरकत न्हाई," आत्या म्हणाल्या.

साहेब साडेचारला आले.

त्यांच्याजवळ रंगाच्या पिचकारीसारखं एक यंत्र होतं. ते समोरून येणाऱ्या गाडीवर धरायचं आणि आकडा वाचायचा. पहिला टेम्पो सुसाट आला. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि कागदावर लिहिलं. पाठोपाठ एक कार आली, ती त्याहून जोरात. मी खूश झालो. पुन्हा सांगतो, ज्या जागेवर नाना गेले त्या जागेवरून गाडी जोरात गेली म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. अजून अर्धा तास असंच चालू दे, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

पाचला शाळेची घंटा झाली आणि आत्या येऊन कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. मी पळत गेलो.

"आत्या, आत जावा. थोडाच येळ राहिलाय."

"पोरं सुटली."

"निदान हात तरी पदराखाली ठेवा."

माझ्या शब्दाखातर त्यांनी हात पदराखाली घेतला, हे मी मान्य केलं पाहिजे. पण वेल्ह्याहून एसटी आली, आणि निंबाखाली आत्या दिसल्याबरोबर ड्रायव्हरनं आपणहून वेग कमी केला. मागून दुधाचा टेम्पो आला, त्यानंही. मग वीटवाला. सगळे आमच्या भागातले. त्यांना हात दाखवावाच लागत नव्हता. आत्या दिसल्या की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. साहेब एकामागून एक कमी आकडे लिहीत होते.

शेवटी एक बाहेरची कार आली. तिला आत्या माहीत नव्हत्या. नेमकी तेव्हाच पहिलीतल्या एका पोरीची चप्पल रस्त्याच्या मधोमध निघाली आणि ती घ्यायला पोर मागे वळली. आत्यांचा हात पदरातून बाहेर आला आणि वर गेला. कार टायर घासत थांबली. पोरीनं चप्पल घातली, नीट पट्टा लावला आणि पलीकडे गेली. साहेबांनी तेही लिहून घेतलं. निघताना ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "इथं तर सगळे शिस्तीत चालवतात की."

जीप गेल्यावर मी चारचौघांत आत्यांवर ओरडलो. "एक दिवस हात खाली ठेवला असता, तर कायमचं काम झालं असतं!"

आत्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "आन् त्याच एका दिसात ती पोर गेली असती तर? मंग कोनता अर्ज लिवनार हुतास?"

 

महिन्याभरानं कागद आला. तो आत्यांना वाचून दाखवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. ‘सदर ठिकाणी वाहनांचा वेग मर्यादित आढळून आल्याने गतिरोधक अथवा फलकाची आवश्यकता दिसून येत नाही.’ त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे म्या हुबी ऱ्हाते, म्हनून बोर्ड न्हाई."

"व्हय, आत्या."

"आन् म्या हुबी न्हाई ऱ्हायले तर?"

"तर लागंल."

"कवा? कुनी गेल्यावर न्हवं?"

मी प्रिंटरचा कागद नीट करत बसलो. खरं म्हणजे गावात तेव्हा कुजबुज सुरू झाली होती की आत्यांनी दोन-चार महिने घरी बसावं. एखादी शेळी जाईल, फार तर कुणाचा पाय मोडेल, पण बोर्ड तरी लागेल. कुणाचा पाय, हे कुणी बोलत नव्हतं. मीही त्यातला. धीर करून तसं बोलून गेलो. आत्यांनी मटकीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि उठल्या. "कुनाचं पोर ठेवू, ते तेवढं सांग," म्हणाल्या, आणि निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर बरेच महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी खिचडीची वाटी मात्र खिडकीच्या फळीवर येत राहिली. ठेवायच्या आणि न बघता जायच्या.

मी आपला अर्ज करत राहिलो. आमच्या जिवाला घोर लागतो तो शनिवारी-रविवारी, तुम्ही मंडळी येता तेव्हा. म्हणून रविवारी पाहणी करा, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. रविवारी कचेरी बंद असते, हे काय मला कळत नव्हतं? पण दुसरं काय लिहायचं तेही सुचत नव्हतं.

गेल्या थंडीत आत्यांचं उजवं अंग गेलं. भोरला दवाखान्यात होत्या, मग घरी आणलं. जरा बसता यायला लागल्यावर त्यांनी खुणेनं हट्टच धरला. भाच्यानं शेवटी शाळेतली एक जुनी खुर्ची निंबाखाली ठेवली आणि त्यांना आणून बसवलं. उजवा हात मांडीवर पडून असायचा. डावा वर करायच्या, पण तो खांद्यापर्यंतच जायचा आणि पंजा पुरता उघडायचा नाही. जीभ जड झाली होती. "दमानं" मधला फक्त "मा" कळायचा.

टाटा करणारे तेव्हा फार वाढले.

एका रविवारी एक गाडी चक्क थांबली. चांगल्या घरची मुलगी खाली उतरली आणि आत्यांच्या मांडीवर एक नोट आणि बिस्किटांचा पुडा ठेवला. आत्या डाव्या हातानं ते ढकलत होत्या आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होत्या. मी बाहेर धावलो.

"ताई, त्या पैसे मागत नाहीत."

"मग काय मागतात?"

"हळू जा, म्हणतात."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं आत्यांना वाकून नमस्कार केला, माफी मागितली. गाडी वळणापर्यंत अगदी हळू गेली. वळणापलीकडे तिनं वेग घेतलेला आम्हा दोघांना ऐकू आला. आत्या माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसल्या. कागद आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या होत्या. मी तिथंच त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, पण नजर रस्त्यावरच होती.

पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. शनिवारी संध्याकाळी, खुर्चीवरून घरी नेल्यावर. भोरची, पुण्याची माणसं यायची म्हणून रविवारी सकाळी न्यायचं ठरलं. रविवारी रस्ता कसा असतो, याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

दहाच्या सुमारास तिरडी वरच्या आळीतून निघाली. पुढे मडकं घेऊन भाचा, डाव्या बाजूला पहिला खांदा माझा. कडुनिंबापाशी आलो आणि थांबलो. गाड्यांची रांग लागली होती. तिरडी दिसल्यावर गाड्या थांबतात, असा आपला समज असतो. एक थांबलीही. पण तिच्या मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला आणि त्याच्या मागच्यानं बाजूनं गाडी काढली. वळणावरून येणाऱ्यांना तर आम्ही दिसतच नव्हतो. आम्ही दोन पावलं पुढे टाकली आणि तीन मागे आलो. असं दोनदा झालं. खांदे भरून आले. निंबाखाली खुर्ची होती, रिकामी.

"आरं, कुनीतरी म्होरं व्हऊन हात करा की," मागून एक म्हातारा ओरडला.

आम्ही चौघं तिरडीखाली अडकलेले, भाच्याच्या हातात मडकं. पण मागे अख्खं गाव होतं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. इतकी वर्षं रोज समोर बघून एकालाही ते जमत नव्हतं. भीती वाटत होती, हेच खरं.

मग मध्ये थोडी फट मिळाली. कुणीतरी "चला, चला" म्हणालं आणि आम्ही पळालो. तिरडी हलली, फुलं पडली, भाचा ठेचकाळला. त्याच्या हातातल्या मडक्यातला विस्तव डांबरावर सांडला. जन्मभर दमानं, दमानं म्हणत उभ्या राहिलेल्या बाईला आम्ही पळत पळत रस्ता ओलांडून नेलं. मागे वळून पाहिलं तर फुलांवरून गाड्या चालल्या होत्या.

दहावा झाल्यावर मी दुकान उघडलं आणि अर्ज टाइप केला. ‘सदर ठिकाणी हात करणाऱ्या बाई आता हयात नाहीत. त्यामुळे वाहनांचा वेग मर्यादित राहिलेला नाही. तरी कृपया पुन्हा पाहणी करण्यात यावी.’ सही करायच्या आधी खाली एक ओळ जशीच्या तशी घातली, ‘मानूस हाय हितं.’ दुपारच्या एसटीनं जाऊन स्वतः देऊन आलो.

पोच मिळाली आहे. शिक्का गोल आहे, निळ्या शाईचा. मटकीच्या पिशवीत ठेवली.